कुतरं कुठलं?

तिगावातलं कुठलंही कुत्रं घ्या, त्याला चार वेगवेगळ्या नावांनी ओळखणारी माणसं आसपास सापडतील. घरात ते कुतरं. शाळेच्या फळ्यावर कुत्ता, कारण १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी पट्टा छिंदवाडा जिल्ह्यासकट मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तेव्हा गावोगावच्या पाट्या बदलल्या, कुत्र्यांची नावं तीच राहिली. जंगलपट्टीतल्या गोंडी घरात तेच कुत्रं नय होतं. आणि तिगावच्या स्टेशनावरून निघालेली गाडी चिचोंड्याचा घाट चढून बैतूलकडे गेली की तिकडच्या कोरकू गावात ते सिटा.

यातली पहिली दोन नावं आपल्या आर्य घराण्यातली. तिसरं तमिळच्या ‘नाय्’चं सख्खं. चौथं थेट संथाळांच्या ‘सेता’शी नातं सांगणारं. म्हणजे तीन भाषाकुळं एका शेपटीला बांधलेली. शेजारच्या काकांना मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते संत्र्याच्या बागेला पाणी देऊन नुकतेच ओट्यावर टेकले होते. म्हणाले, “चार काय न् चाळीस काय, भाकर दिसली का ते कोन्त्याबी नावानं येते.”

हे खरं असलं तरी भाषाशास्त्राला त्याचा उपयोग नाही.

काही लोकांना पानाचा नाद असतो, काहींना पत्त्यांचा. मला कोश चाळण्याचा आहे. त्यातही कुत्रा हा शब्द एकदा मागे लागला की सुटत नाही. आपल्याच भाषेत फिरून भागत नाही, तो पार युरोपपर्यंत नेतो. तिकडे देश भाराभर, सीमा भाराभर, भाषा मात्र बहुतेक एकाच कुळातल्या, आणि ते कूळही आपलंच. त्यामुळे तिकडचं कुत्रं भुंकलं तरी त्यात ओळखीचा सूर लागतो.

मूळ शब्द कधीकाळी ‘क्वोन’सारखा काहीतरी असावा असं पंडित म्हणतात. संस्कृतात त्याचा श्वा झाला. ग्रीकांनी क्युऑन केला, रोमनांनी कानिस. त्या कानिसचे इटलीत काने, फ्रान्समध्ये शिअँ, पोर्तुगालात काँव. आयरिश लोकांचा कू, जर्मनांचा हुंड, इंग्रजांचा हाउंड. फारशीनं सप्ताहाचा हप्ता केला तसा जर्मनांनी ‘क’चा ‘ह’ केला, आपण ‘श’ केला, एवढाच काय तो फरक. लिथुएनियात तर कुत्र्याला आजही शुओ म्हणतात आणि ‘कुत्र्याचा’ म्हणायचं झालं तर शुन्स. आपलं श्वा आणि शुनः आठवा. बाल्टिक समुद्राकाठचा एखादा शेतकरी हे रोज बोलतो, आणि आपल्याकडे ते दहावीच्या संस्कृतच्या मार्कांपुरतं उरलं आहे.

हा श्वाचा शुन् कसा होतो, याचा नियम पाणिनीनं घालून दिला. त्यात गंमत अशी की हा बदल होणारे तीन शब्द त्यानं एकाच सूत्रात ओवले: कुत्रा, तरुण आणि इंद्र. देवांच्या राजाला कुत्र्याच्या पंगतीत बसवलं म्हणून संस्कृत पंडित शतकानुशतकं कोट्या करत आले आहेत. मला पाणिनीची बाजू पटते. व्याकरणात सोवळं-ओवळं पाळायला लागलं तर रूपं चालायची कशी? शिवाय त्याच्या कानावर ग्रीकांचं क्युऑन-क्युनोस कधी आलं होतं की नाही कोण जाणे, पण तिथंही हाच खेळ आहे. आपला नियम अथेन्सच्या कुत्र्यालाही लागू पडतो हे कळतं, तर त्यानं एखादं वार्तिक स्वतःच लिहिलं असतं.

ऐतरेय ब्राह्मणात एक गरीब ब्राह्मण आहे, अजीगर्त. शंभर गायींसाठी त्यानं मधला मुलगा यज्ञात बळी द्यायला विकला, तो शुनःशेप. गोष्ट करुण आहे खरी, पण तिन्ही भावंडांची नावं पाहिली की बापाच्या मनाचा थांग लागतो. शुनःपुच्छ, शुनःशेप, शुनोलांगूल. तिघांचाही अर्थ, जरा सभ्यपणे सांगायचं तर, कुत्र्याची शेपटी. एकाला ठेवलं तर समजू शकतो, तिघांना? तिकडे ग्रीकांनी हेच नाव आभाळात नेऊन चढवलं. ध्रुवतारा ज्या नक्षत्रात आहे त्या धाकट्या अस्वलाला ते क्युनोसूरा म्हणत, म्हणजे पुन्हा कुत्र्याची शेपटी. खलाशांचे डोळे रात्रभर त्या शेपटीवर खिळलेले असायचे, त्यावरून इंग्रजीत सायनोशर म्हणजे ज्याच्यावर सगळ्यांची नजर खिळते ते माणूस. लग्नाच्या इंग्रजी मानपत्रात नवऱ्यामुलीला हा शब्द कुणी वापरलाच तर वाचणाऱ्यानं गप्प राहावं.

आता खरा प्रश्न. एवढं बडं घराणं, हजारो वर्षांचा जुना शब्द, आणि आपण मराठी लोक कुत्र्याला कुत्रा का म्हणतो? श्वा गेला कुठे?

गोव्याला गेला. कोकणीत कुत्र्याला आजही सुणें म्हणतात. शुनकाचं प्राकृतात सुणअ झालं आणि त्याचं सुणें. मजा म्हणजे गोव्यावर साडेचारशे वर्षं राज्य करणाऱ्या पोर्तुगिजांचा काँव हा त्याच मूळ पुरुषाचा वंशज. राज्यकर्ते आणि रयत यांचं धर्मावरून, भाषेवरून, जमिनीवरून कधी पटलं नाही, पण दोघांच्या अंगणातल्या कुत्र्यांची नावं मात्र भाऊबंद निघाली. मराठीतही सुणें होतं. ज्ञानेश्वर-चक्रधरांच्या काळच्या मराठीत ते भेटतं. तिगावपासून रिद्धपूर काही फार लांब नाही. महानुभावांच्या त्या गावात सातशे वर्षांपूर्वी एखाद्याच्या पायात पायात सुणेंच घोटाळत असणार. मग केव्हातरी कुत्रं आलं आणि सुणें गेलं. कुणी हाकललं, कधी हाकललं, याचा पंचनामा नाही.

मला वाटायचं हा आपलाच वेंधळेपणा. पण इंग्रजांनीही हेच केलं. त्यांचा घराण्यातला शब्द हाउंड. जुन्या इंग्रजीत कुठूनसा ‘डॉक्गा’ असा एक शब्द दबकत येतो, तोही एखाद्या पोथीच्या समासात, लॅटिन शब्दाचा अर्थ म्हणून लिहिलेला. बहुधा धिप्पाड, ओबडधोबड कुत्र्यापुरता असावा. पुढच्या पाच-सहा शतकांत हा डॉग घरभर झाला आणि हाउंड शिकारीच्या कामापुरता अंगणात बांधला गेला. डॉग आला कुठून? इंग्रजांचा कोश, जो चमच्यापासून चर्चपर्यंत प्रत्येक शब्दाची सात पिढ्यांची वंशावळ सांगतो, तो इथं मान खाली घालून म्हणतो, मूळ अज्ञात. पुढे शेजाऱ्यांनी हाच बेवारस शब्द मोठ्या कुत्र्यांसाठी उसना नेला, फ्रेंचांनी दोग म्हणून, जर्मनांनी डोग्ग म्हणून. आपण ज्याला ग्रेट डेन म्हणतो तो जर्मनीत डॉइचे डोग्ग. म्हणजे इंग्रज त्याला डेन्मार्कचं नाव देतात आणि जर्मन त्याला इंग्रजांचा शब्द लावतात. कुत्रा मात्र जर्मन.

स्पॅनिश लोकांनी लॅटिनचा कान बाजूला सारून पेर्रो धरला. बाराव्या शतकापासून तो कागदोपत्री सापडतो, त्याआधी त्याचे आई-बाप कोण ते कुणाला ठाऊक नाही. आणि ज्या ग्रीकांचा क्युऑन जगभर गाजला, ते स्वतः आज घरच्या कुत्र्याला स्किलोस म्हणतात.

कुत्रा हा माणसाचा सगळ्यात जुना पाळीव प्राणी. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेलला १९१४ साली एक थडगं सापडलं, सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्रं. गाय, शेळी, कोंबडी ही सगळी मंडळी त्यानंतर पदरी आली. इतक्या जुन्या सोबत्याचं नाव आई-बापाच्या, एक-दोन-तीनच्या शब्दांसारखं पक्कं टिकायला हवं होतं. झालं उलटंच. गायीला आपण गाय म्हणतो, इंग्रज काऊ म्हणतो, आणि दोन्ही शब्द हजारो वर्षं एकाच गोठ्यात बांधलेले आहेत. कुत्र्याचा शब्द मात्र गावठी कुत्र्यासारखाच. कुठून आला माहीत नाही, दारात बसला, कुणीतरी तुकडा टाकला, राहिला. आणि घरचा खानदानी शब्द, त्याला कुणी हाकललं नाही, पण जेवायलाही बोलावलं नाही.

हे का होतं याबद्दल माझं एक मत आहे आणि ते आजीच्या मागच्या दारात तयार झालेलं आहे. संध्याकाळी चुलीपुढचं आवरत आलं की आजी शेवटची भाकर वेगळी थापायची. परातीच्या कडेचं पीठ निपटून केलेली, म्हणून थोडी जाड आणि एका बाजूनं फाटलेली. ती तव्यावरून उतरली की चार तुकडे करून जर्मनच्या ताटलीत टाकायची, वरून ताकाचा शिपका. मग मागच्या दाराशी उभी राहून ओठांचा चंबू करायची आणि जिभेच्या टोकानं हाक मारायची, “कुत् कुत् कुत् कुत्, यूऽ यूऽ!” आमच्या कुत्र्याचं नाव मोत्या होतं. पण ते नाव रागावण्यासाठी राखून ठेवलेलं. चप्पल पळवली की “मोत्या, मुडद्या!” आणि जेवायला बोलवायचं असलं की कुत् कुत्. कुत्र्याला विचाराल तर त्याचं खरं नाव तेच.

गायीला आपण “गाय, गाय” अशी हाक मारत नाही. मांजराला, कोंबड्यांना आणि कुत्र्याला मात्र आपण त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या आवाजात बोलावतो, आणि त्यातही कुत्र्याला दिवसातून दहा वेळा. येणारा शब्द पुस्तकातून येत नाही, असा मागच्या दारानं येतो. स्पॅनिश पेर्रोबद्दल कोरोमिनास नावाच्या मोठ्या कोशकारानं हेच सुचवलं होतं की मेंढपाळ कुत्र्याला ‘प्र्र्र’ करून मेंढरांमागे पिटाळतात, त्यातून हा शब्द निघाला असेल. कातालान भाषेत कुत्र्याला गोस म्हणतात, तेही ‘कुस् कुस्’ अशा हाकेतून आलेलं मानतात.

कुत्राच्या बाबतीत आपल्या कोशांत जे सापडतं ते असं. राल्फ टर्नरनं भारतीय आर्यभाषांचा प्रचंड तौलनिक कोश केला, त्यात कुत्ता-कुत्राच्या मुळाशी ‘कुत्त’ असा शब्द दिला आहे आणि त्याच्या डोक्यावर एक तारा छापला आहे. कोशातला तारा म्हणजे बहुमान नव्हे. हा शब्द कुठल्याही ग्रंथात सापडलेला नाही, असावा असा आमचा तर्क, असा त्याचा अर्थ. संस्कृतात कुक्कुर आहे, अथर्ववेदात कुर्कुर आहे, आणि कुर्कुरमध्ये गुरगुर ऐकू न येणारा माणूस विरळा. बंगाल्यांनी त्यातला कुकुर ठेवला. गावात विचारलं तर सगळे छातीठोकपणे सांगतात की जे कुतरतं ते कुतरं. ही व्युत्पत्ती ज्यांच्या चपला कुतरल्या गेल्या त्यांनी तयार केलेली दिसते. मग उंदरानं काय पाप केलं होतं?

पण आपला ‘कुत्’ एकटा नाही. कुर्दांचा कूचिक, बल्गेरियातला कुचे आणि सगळ्यात गंमतीचा हंगेरीतला कुत्या. हंगेरीची भाषा आपल्या कुळातली नाहीच, तिचा गोतावळा सैबेरियाकडचा. आणि तिथल्या घराघरात कुत्र्याला हाक काय, तर कुत्या! आणि त्याहून मजा पुढे आहे. हंगेरीत कुत्र्यासाठी एक जुना शब्द होता, एब. तो आजही मेलेला नाही. तो म्हणींत आहे आणि सरकारी कागदात आहे. कुत्र्यावरचा कर, कुत्र्याला टोचायची लस, कुत्रं पाळण्याचे नियम, हे सगळं एबच्या नावानं. घरी कुत्या, कचेरीत एब.

आपलं वेगळं काय आहे? गल्लीत कुतरं चावतं, पण वर्तमानपत्रात श्वानदंश होतो. पोलिसांकडे श्वानपथक असतं, कुत्र्यांचं पथक म्हटलं तर चोरही हसतील. नगरपालिका श्वानांचं निर्बीजीकरण करते. प्रदर्शनात श्वान येतात, प्रदर्शनाबाहेर मंडपाच्या खांबाशी जे उभं असतं ते कुतरं. विद्यार्थ्याची झोप श्वाननिद्रा असावी असं सांगतात. कुत्र्यासारखा झोप असं म्हटलं तर आई-बाप भांडायला येतील. श्वा बिचारा निवृत्त होऊन सरकारी समित्यांवर बसला आहे. चावण्या-भुंकण्याचं, शेपूट हलवण्याचं, शिव्या खाण्याचं रोजचं काम कुत्र्याकडे. म्हणी पाहा. आंधळं दळतं तेव्हा पीठ खायला कुत्रंच येतं. नळीत सहा महिने शेपूट घालून बसतं ते कुत्रंच. परटाचं, ना घरचं ना घाटचं, तेही तेच. संसाराची कुतरओढ होते, श्वानओढ कुणाची झाल्याचं ऐकलं नाही. हडतूड हा शब्दसुद्धा कुत्र्याला हाकलायच्या ‘हाड्’मधूनच माणसांवर आला असणार.

एवढं जुळल्यावर माणसाला चढते. आजीच्या मागच्या दारापासून बुडापेस्टपर्यंत एकच हाक, वगैरे. अशा वेळी मी ऑस्ट्रेलियाची आठवण काढतो. १९६० च्या दशकात रॉबर्ट डिक्सन नावाचे भाषाशास्त्रज्ञ क्वीन्सलंडमधली म्बाबराम नावाची मरू घातलेली आदिवासी भाषा नोंदवत होते. ती येणारे अल्बर्ट बेनेट त्यांना भेटले. कुत्र्याला काय म्हणता, असं विचारल्यावर ते म्हणाले, डॉग. डिक्सनना वाटलं इंग्रजी सांगतायत. पण तो शब्द खरंच त्या भाषेचा होता. शेजारच्या यिडिन भाषेत कुत्र्याला गुडागा म्हणतात, म्बाबराममध्ये त्याच्या आगेमागेचं झिजून डॉग तेवढं उरलं. इंग्रजीशी काडीचा संबंध नाही, निव्वळ योगायोग. आणि त्याच्या पलीकडच्या जिरबाल भाषेत कुत्रा म्हणजे गुडा. आता या गुडाला आपल्या कुत्त्याशेजारी उभं करायचा मोह आवरणं हीच भाषाशास्त्राची साधना. मी तो आवरला आहे. कुत्याबद्दलचा मात्र पूर्ण आवरलेला नाही.

रशियनांचं सोबाका हे उसनं आहे, इराणी भाषेतून घेतलेलं. हिरोडोटस सांगतो की सायरस राजाला लहानपणी सांभाळणाऱ्या बाईचं नाव स्पाको होतं आणि मेडियाच्या भाषेत त्याचा अर्थ कुत्री. आपल्या ‘श्व’चं इराणात ‘स्प’ होतं, अश्वाचा अस्प होतो तसं, म्हणजे हेही आपलंच भावंड. रशियन माणूस ईमेलच्या पत्त्यातल्या त्या वेटोळ्या ‘अॅट’लाही सोबाका म्हणतो. फोनवर पत्ता सांगताना मधेच “कुत्रा” म्हणावं लागतं. १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी अवकाशात पाठवलेली लायका मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री होती. लायका म्हणजे भुंकणारी.

कुत्रा कुठकुठल्या शब्दांत दबा धरून बसला आहे हे पाहायचं तर आभाळाकडे बघावं. मृगामागचा जो तेजस्वी तारा आपल्याला व्याध, तो ग्रीक-रोमनांना कुत्रा. आपण शिकारी पाहिला, त्यांनी शिकाऱ्याचं कुत्रं. टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ लिहिला, त्यात वेदांतले कुत्रे आणि हा ताराही त्यांनी कालगणनेच्या कामाला जुंपला. रोमन लोक त्या ताऱ्याला कानिकुला म्हणत, म्हणजे कुत्रुली. जुलै-ऑगस्टात तो पहाटे सूर्याआधी उगवू लागला की कडक उन्हाळा, ते कुत्र्याचे दिवस. फ्रान्समध्ये आजही उष्णतेच्या लाटेला कॅनिक्युल म्हणतात. हीच कुत्रुली रशियात पोचली तेव्हा तिचा अर्थ शाळेची सुट्टी झाला, कानिकुली. मुलं कुत्र्याच्या नावानं आंबे, म्हणजे तिकडे जे काय पाडत असतील ते, पाडतात. आमच्याकडे मे महिन्याच्या शेवटी सूर्य रोहिणीत आला की नवतपा लागतो. ते नऊ दिवस तिगावचे कुत्रे नळाच्या चिखलात पोट टेकून जीभ बाहेर काढून पडलेले असतात, आणि तरी त्या दिवसांना त्यांचं नाव देण्याचं आम्हाला सुचलं नाही. पंचांगात पावसाच्या नक्षत्रांना वाहनं असतात, बेडूक, म्हैस, गाढव, उंदीर, कोल्हासुद्धा. कोल्ह्याला जागा आणि कुत्र्याला नाही, हा अन्याय मला कळलेला नाही.

पिंजऱ्यातला पिवळा कॅनरी पक्षीही कुत्राच. तो ज्या बेटांवरून आला त्या कॅनरी बेटांना तिथल्या मोठ्या कुत्र्यांवरून नाव पडल्याचं प्लिनीनं लिहून ठेवलं आहे. आणि पांढुर्ण्याच्या कापडबाजारात हाताला मऊ लागणारं जे शनील मिळतं ते फ्रेंच शनीय, म्हणजे सुरवंट. सुरवंटाला ते नाव का, तर त्याचं केसाळ डोकं कुत्र्याच्या पिल्लासारखं दिसलं म्हणून, पुन्हा तीच कानिकुला. रुखवतात शनीलची रजाई मांडणाऱ्या बायकांना मी अजून हे सांगितलेलं नाही.

युरोपनं आपल्याकडूनही कुत्र्यासाठी एक शब्द नेला, आणि तो फार वाईट रीतीनं. गावात हिंडणाऱ्या आपल्या साध्या कुत्र्याला इंग्रजांनी पराया डॉग म्हटलं. तमिळ मुलखात परै म्हणजे ढोल, तो वाजवणारी माणसं ती परैयर. गावकुसाबाहेर ठेवलेल्या एका अख्ख्या समाजाचं नाव आधी वाळीत टाकलेला या अर्थानं इंग्रजीत घातलं, मग ते कुत्र्याच्या गळ्यात बांधलं. जातीची उतरंड आम्ही केली, हे त्यांनी तिच्यावर चढवलेलं. गावठी हा आमचा शब्द त्यामानानं सरळ आहे. त्यात तुच्छता आहे, पण ती गावाबद्दलची.

रानकुत्र्याला इंग्रजीत ढोल म्हणतात. पेंचच्या जंगलात तो आहे, सिवनीच्या डोंगरातल्या मोगलीच्या गोष्टींत किपलिंगनं त्याच्या टोळ्या दख्खनवरून आणल्या. पण या मुलखात त्याला ढोल म्हणणारा मला अजून भेटायचा आहे. आमच्यासाठी ढोल लग्नात वाजतो. मराठीत त्याला रानकुत्रा म्हणतात किंवा कोळसून, आणि १८३१ साली कर्नल साइक्सनं दख्खनच्या या कुत्र्याची शास्त्रीय नोंद केली तेव्हा मराठ्यांचा हा शब्द त्यानंही टिपला. मला त्यातलं ‘सून’ हे हरवलेल्या सुण्याचंच वाटतं, घरातून गेलं ते रानात राहिलं. शास्त्रज्ञांनी या प्राण्याचं आजचं नाव क्युऑन ठेवलं आहे. ग्रीकांनी टाकलेला आणि आपण टाकलेला, असे दोन्ही शब्द त्याच्याच अंगावर.

माणसानं पैदास केलेल्या जातींची नावं मात्र चोख असतात, दाखला सोबत घेऊन येतात. पॉमेरेनियन पॉमेरेनियाचा, स्पॅनियल स्पेनचा. अल्सेशियन जर्मनच, पण पहिल्या महायुद्धात इंग्रजांना जर्मन नाव सोसेना म्हणून अल्सासचा झाला आणि १९७७ साली तिकडे पुन्हा जर्मन शेफर्ड. आपल्याकडे ती बातमी सगळ्यांपर्यंत पोचलेली नाही. मध्यंतरी गावातल्या एका बागायतदारानं नागपूरहून डॉबरमन आणला, अंबिया बहाराच्या जागलीसाठी. काळा, तुकतुकीत, कमरेत बारीक. पोट्ट्यांची ही गर्दी. काकाही पाहून आले आणि मला म्हणाले, “तुले लय ठाऊक असते, याचं नाव असं काऊन?”

मी सांगितलं. जर्मनीत अपोल्डा नावाचं गाव आहे, एकोणिसाव्या शतकात तिथं कार्ल फ्रीडरिश लुई डॉबरमन नावाचा कर वसूल करणारा माणूस होता. वसुलीला जाताना सोबत दणकट कुत्रं असावं म्हणून त्यानं ही जात तयार केली. भटकी कुत्री पकडून ठेवायचा कोंडवाडाही त्याच्याच ताब्यात होता. तो वारल्यावर कुत्र्याला त्याचं नाव दिलं.

“म्हन्जे पटवारीच ना.”

“तसंच काहीसं.”

“नाव, गाव, हुद्दा, समदं कागदावर हाय म्हन.” काकांनी तंबाखू मळली. ओट्याखाली त्यांचं स्वतःचं कुतरं पाय ताणून झोपलं होतं. “अन् आपल्या याचं? कुतरं कुठलं, लागला काई पत्ता?”

“नाही लागला.”

“नोको लागू दे. ज्याचा पत्ताच नाई, त्याच्यापासून वसुली कोन करन?”